रांग उठली तेव्हा

"पाटीवर नुसतं 'खासदार' लिहायचं, की 'माजी खासदार'?" क्लिफर्ड न्यूगार्डने विचारलं आणि ताटलीतली तिसरी बटाट्याची पोळी उचलली.

आठ महिन्यांच्या खासदारकीला माजी होऊन सव्वीस वर्षं झाली, तेव्हा तुला सोयीचं पडेल ते लिही, असं मी म्हटलं. क्लिफर्ड हसला. त्याचं गावात खिळे-हत्यारांचं दुकान आहे आणि तो स्कोगनच्या नगरसमितीचा अध्यक्षही आहे. दोन्ही कामं तो सारख्याच उत्साहाने करतो, त्यामुळे पावशेर खिळे आणायला गेलं की गावाच्या सगळ्या योजना ऐकून यावं लागतं. त्याच्या शेजारी समितीची चिटणीस ओल्गा पावलिक वही मांडीवर घेऊन बसली होती. ती बोलते कमी आणि लिहिते जास्त.

योजना अशी होती. आमच्या गावाला येणारी रेल्वे तीन वर्षांपूर्वी कायमची बंद झाली. आता रिकाम्या स्टेशनात गावाचं छोटंसं संग्रहालय करायचं आणि त्याला माझ्या नवऱ्याचं नाव द्यायचं. दारावर पाटी: 'हाल्वर ब्रेकहुस, खासदार. यांच्या एका मताने आमची रेल्वे वाचली.' रविवारी चर्चच्या तळघरात गावाची वार्षिक सभा होती, तिथे ठराव मांडायचा होता. हाल्वर काही केल्या हो म्हणत नव्हता, म्हणून ही दोघं माझ्याकडे आली होती.

हाल्वर मागच्या अंगणात बटाटे काढत होता. खिडकीतून त्याची वाकलेली पाठ दिसत होती. पाहुणे आलेत हे त्याला ठाऊक होतं, आणि म्हणूनच तो बटाटे काढत होता.

"त्याचं मी बघते," मी म्हटलं. "तुम्ही ठराव मांडा."

खरं सांगायचं तर मला ती पाटी हवी होती. बेचाळीस वर्षांच्या संसारात या माणसाने स्वतःबद्दल चांगला शब्द कोणाला पुरता बोलू दिला नाही. कोणी रेल्वेचा विषय काढला की हा उठून बाहेर. लोकांना तो विनय वाटायचा. मलाही विनयच वाटायचा, आणि रागही यायचा. घरात एवढी एक मोठी गोष्ट घडून गेली होती आणि ती मिरवायची म्हणून सोय नव्हती.

आमचं गाव स्कोगन. नॉर्वेतून आलेल्या आजोबांच्या पिढीने ठेवलेलं नाव, अर्थ रान. झाड इथे औषधालाही नव्हतं, चहूकडे सपाट माळ आणि गहू, पण माणसांना मागे सोडलेलंच नाव ठेवायचं असतं. हाल्वर रुळांशेजारच्या उंच लाकडी धान्यकोठारावर व्यवस्थापक होता. शेतकरी गव्हाचे ट्रक घेऊन यायचे, हा वजन करायचा, मूठभर गहू चाळणीत हलवून त्यात कचरा किती ते ठरवायचा आणि तेवढं वजन कापायचा. त्या कचऱ्यावरून इतर गावांत मारामाऱ्यांपर्यंत पाळी यायची. स्कोगनमध्ये ते कधी झालं नाही. हाल्वर प्रत्येकाला काट्याच्या खोलीत बोलावून घ्यायचा आणि दांडी पूर्ण स्थिर होईपर्यंत दोघं बघत उभे राहायचे. बाहेर थंडीत पाच ट्रक खोळंबलेले असले तरी त्याने दांडीला कधी बोट लावलं नाही. मी जेवणाचा डबा घेऊन गेले की मलाही थांबावं लागायचं, आणि डब्यातलं सूप गार व्हायचं.

तर असा हा माणूस खासदार कसा झाला? आमचा जुना खासदार पदावर असतानाच वारला आणि पोटनिवडणूक लागली. मतदारसंघात निम्मे लोक नॉर्वेचे, निम्मे युक्रेनचे, आणि एकमेकांच्या उमेदवाराला मत द्यायला दोघंही तयार नव्हते. काट्यावरच्या हाल्वरला मात्र सगळे ओळखत होते. पक्षाची माणसं आमच्या स्वयंपाकघरात येऊन बसली. हा म्हणाला, मला भाषण येत नाही. ते म्हणाले, भाषणवाले आमच्याकडे पोत्याने पडलेत. त्याने माझ्याकडे बघितलं, तेव्हा मी एवढंच विचारलं की तिकडे राजधानीत, ओटावाला, याचे मोजे कोण धुणार.

तो तयार झाला तो रेल्वेसाठी. सरकारने बंद करायच्या रेल्वेफाट्यांची यादी काढली होती आणि तिच्यात आमचा फाटा होता. गाडी गेली की कोठार जाणार, कोठार गेलं की दुकानं, आणि मग शाळा. प्रचारात हाल्वर प्रत्येक गावात तेच एक वाक्य बोलला. "बाकीचं मला कळत नाही. गाडी बंद होऊ देणार नाही." एवढं बोलून तो खाली बसायचा. लोकांना ते आवडलं. ऑक्टोबरात तो निवडून आला आणि दोन सूट घेऊन ओटावाला गेला, त्यातला निळा त्याच्या भावाचा होता.

दर आठवड्याला त्याचं पत्र यायचं, संसदेच्या जाड कागदावर. त्यात निम्मी चौकशी इथल्या हवेची असायची. पहिलं भाषण त्याने मालडब्यांच्या टंचाईवर केलं, चार मिनिटांचं. सभागृहात सतरा माणसं होती, एक झोपला होता, पण झोपलेला आपल्याच पक्षाचा होता म्हणून वाईट वाटलं नाही, असं त्याने लिहिलं होतं. ते पत्र मी सगळ्या गावाला वाचून दाखवलं.

आणि पत्रांत असायचा ओनेझिम. ओनेझिम लाव्वा सरकारच्या बाजूचा खासदार होता, अगदी पूर्वेच्या किनाऱ्यावरचा, कोळ्याचा मुलगा, विमा विकता विकता निवडून आलेला. दोघं एकाच घरात खोल्या घेऊन राहायचे. त्याचं इंग्रजी मोडकंतोडकं आणि याला फ्रेंचचा गंध नाही, तरी रोज सकाळी दोघं बरोबर चालत संसदेत जायचे. हाल्वरचे आजोबाही कोळी. समुद्रापासून हजारो मैलांवर राहून याने कित्येक वर्षांत चांगला खारवलेला कॉड खाल्ला नव्हता, हे ओनेझिमला कळलं, आणि नाताळच्या सुट्टीहून येताना तो घरून लाकडी पेटीभर मासा घेऊन आला. हाल्वरने त्याच्या आईसाठी आपल्या गव्हाचं पीठ पाठवलं. जानेवारीत मी ओटावाला गेले तेव्हा ओनेझिमने माझ्यासाठी खुर्ची पुढे ओढली आणि अगदी गंभीर चेहऱ्याने तक्रार केली.

"तुमचा नवरा फार बडबड करतो, मॅडम. काल पाच वाक्यं बोलला."

मला तो माणूस तिथल्या तिथे आवडला.

मार्चमध्ये ओनेझिमची आई वारली. बर्फातून घरी पोचायलाच त्याला दोन दिवस लागणार होते, आणि सभागृहात सरकारला बहुमत नव्हतं, एकेक मत मोलाचं. अशा वेळी तिथे एक पद्धत होती. ज्याला घरी जावंच लागतंय, त्याने समोरच्या बाजूचा एक जण गाठायचा आणि जोडी लावायची: मी नाही, तर तूही मत देऊ नकोस. दोघं वजा झाले की पारडं होतं तिथेच राहतं. मतदानाला नावं पुकारली जातात तेव्हा जोडीतल्या माणसाने नुसतं आपल्या जागी बसून राहायचं. त्याला सही नाही, शिक्का नाही. दोन्ही पक्षांच्या प्रतोदांकडे नावं सांगायची आणि शब्द पाळायचा, एवढंच. ओनेझिमने हाल्वरला विचारलं आणि हाल्वरने शब्द दिला.

रेल्वेचं मतदान त्या आठवड्यात होणारच नव्हतं. पण बुधवारी दुपारी चर्चा अचानक आटोपली, घंटा वाजल्या, माणसं धावत आत आली. फाटे आणखी पाच वर्षं तरी बंद करू नयेत, अशी आमच्या पक्षाची सूचना होती. बाजूने असलेल्यांनी आधी उभं राहायचं, रांगेने, आणि कारकून एकेकाचं नाव पुकारणार. हाल्वरची रांग उठली, हाल्वरही उठला. आमच्या चर्चमध्ये तसंच असतं. स्तोत्राला बाक उठला की आपण उठतो, कोणतं स्तोत्र ते मग बघतो. लहानपणापासूनची सवय.

एकशे अठरा विरुद्ध एकशे सतरा. सूचना एका मताने मंजूर झाली. लगेच सरकारी प्रतोद उठून म्हणाला, की हाल्वर ब्रेकहुसची जोडी होती, त्यांनी मत द्यायला नको होतं. सगळं सभागृह याच्याकडे वळलं. हाल्वर उभा राहिला आणि म्हणाला, "मी विसरलो. मला खेद आहे." अध्यक्षांनी निर्वाळा दिला की जोड्या हा सदस्यांचा आपसातला मामला, अध्यक्षांना तो दिसत नाही, मत कायम. एवढीच ती गोष्ट.

स्कोगनमध्ये त्या दिवशी चर्चची घंटा अर्धा तास वाजत होती. ईस्टरला तो घरी आला तेव्हा स्टेशनवर बँड होता. हा गाडीतून उतरला, काट्यावर आज कोण आहे असं विचारलं आणि बँडसमोरून सरळ कोठाराकडे चालू लागला. जूनमध्ये सार्वत्रिक निवडणूक लागली. पक्षाने घरी येऊन विनवलं, पण हाल्वर उभा राहिला नाही. माझ्यासारख्या विसराळू माणसाचं तिथे काम नाही, असं म्हणाला, आणि लोक पोट धरून हसले.

तेव्हापासून तो गावाचा लाडका विनोद झाला. दुकानात, लग्नात, मयतीतसुद्धा. हाल्वर, टोपी विसरू नकोस. हाल्वर, बायकोला विसरू नकोस. आणि तो किस्सा सगळ्यांत रंगवून कोण सांगायचं? मी. दोन्ही हात गुडघ्यावर ठेवून, रांगेबरोबर धडपडत उठून, मग तोंडावर हात ठेवून, मी पूर्ण नक्कल करायची. लोक पुन्हा पुन्हा सांगायला लावायचे. तेवढ्यात हाल्वर कोट घेऊन बाहेर गेलेला असायचा.

दर शरद ऋतूत, पीक निघालं की तो दहा पौंड पीठ ओनेझिमला पाठवायचा. मी कापडी पिशवी शिवायची, पत्ता तो स्वतः लिहायचा. तिकडून परत कधी मासा आला नाही, पत्रही नाही. तुझा दोस्त तुझ्यापेक्षा विसराळू दिसतो, असं मी एकदोनदा म्हटलं होतं.

या वर्षी पिशवी परत आली. तीन आठवड्यांपूर्वीची गोष्ट. वर टपालखात्याचा शिक्का होता: 'पत्त्यावरील व्यक्ती मृत.' हाल्वरने ती पिशवी स्वयंपाकघरात आणू दिली नाही. मागच्या दाराजवळच्या फळीवर ठेवली आणि जातायेता तिच्याकडे बघत राहिला. जुना मित्र गेला म्हणून वाईट वाटतंय, असं मी समजले.

तर क्लिफर्ड आणि ओल्गा गेल्यावर मी मागच्या अंगणात गेले आणि सांगितलं की मी हो म्हटलंय, उद्या ठराव येणार, आणि आता निमूटपणे निळा सूट घालून यायचं. हाल्वरने कुदळ मातीत रोवली. बादली पालथी घातली आणि तिच्यावर बसला. सत्तर वर्षांचा माणूस, त्याला बसायला वेळ लागतो.

"इंगा, मी विसरलो नव्हतो," तो म्हणाला.

मला आधी कळलंच नाही तो कशाबद्दल बोलतोय. मला वाटलं, काही सामान आणायचं राहिलं असेल.

"उठताना विसरलो होतो. ते खरं आहे. रांग उठली, मी उठलो. कारकुनाने माझं नाव पुकारलं आणि समोर ओनेझिमची खुर्ची दिसली. रिकामी."

"मग?"

"मग मी बसलो. विरोधातली मतं व्हायची होती अजून. शंभरावर माणसं, एकेकाचं नाव. आठ-दहा मिनिटं लागतात त्याला." तो एका बटाट्यावरची माती अंगठ्याने काढत होता. "तेवढ्यात उठून सांगितलं असतं की चुकून मत दिलं, तर त्यांनी खोडलं असतं. खोडतात. मी तिथे असताना दोनदा खोडलं होतं."

मी विचारलं की मग तो का उठला नाही. शेजारच्या आवारात कोणीतरी गवत कापायचं यंत्र सुरू करायच्या खटपटीत होतं, ते दोनदा फुरफुरून बंद पडलं.

"मोजत होतो," तो म्हणाला. "सवय. आपली एकशे अठरा झाली होती. त्यांची मोजत गेलो. शेवटची रांग उरली तेव्हा कळलं, एकाचा फरक राहतोय. माझं काढलं तर बरोबरी, आणि बरोबरीत अध्यक्षाचं मत सरकारला जाणार हे सगळ्यांना माहीत होतं. मी दांडीवर बोट ठेवून बसलो, इंगा. आणि मग उठून सगळ्यांसमोर म्हणालो, विसरलो."

पहिल्यांदा आला तो राग. सव्वीस वर्षं एका ताटातलं खाल्लं आणि ही गोष्ट या माणसाने एकट्याने चघळली. मी त्याला म्हटलं, तुझ्यामुळे गाडी आणखी तेवीस वर्षं आली. पाच वर्षांनी दुसरं सरकार आलं, त्याने फाट्याला हात लावला नाही. आपली मुलं इथे शिकली. क्लिफर्डचा बाप दुकान विकून जाणार होता तो राहिला. हे काय खोटं आहे?

"नाही. ते पण खरं आहे."

"मग झालं तर."

"ओनेझिमला त्याच्या पक्षाने जूनमध्ये तिकीट दिलं नाही," तो म्हणाला. "मतदानाच्या वेळी आईच्या मयताला गेला, आणि जोडी लावली ती बरोबर राहणाऱ्या माणसाशी. दोघांनी मिळून केलं म्हणाले. तो परत आला त्या संध्याकाळी मी त्याच्या खोलीत गेलो. कोटही काढला नव्हता त्याने. मला म्हणाला, 'तू विसरलास ना?' मी म्हटलं, 'हो.'"

"आणि?"

"बघितलं त्याने माझ्याकडे. मग म्हणाला, 'माझी आई तुझ्या पिठाचा ब्रेड आवडीने खायची.' दुसऱ्या दिवशी त्याने खोली बदलली."

मग मला सगळं दिसायला लागलं. दर वर्षीची ती पिशवी, हाताने लिहिलेला पत्ता, आणि तिकडची शांतता. पीठ कधी परत आलं नव्हतं, म्हणजे ओनेझिमने ते ठेवून घेतलं होतं. खाल्लं की फेकलं, कोण सांगणार? आणि या सगळ्या वर्षांत मी गुडघ्यावर हात ठेवून, तोंडावर हात ठेवून लोकांना हसवत होते, आणि हा अंगणात जाऊन उभा राहायचा. मला स्वतःची इतकी लाज वाटली की मी खाली बसून बटाटे वेचू लागले. लाज वाटली तरी हाताला काम लागतं.

क्लिफर्डला ठराव मागे घ्यायला सांगू का, असं मी विचारलं. हाल्वर म्हणाला, नको. गाडी त्यांची होती, पाटी लावायची तर त्यांनी ठरवावं. मग तू सभेत काय बोलणार, असं विचारलं तर म्हणाला, मला भाषण येत नाही.

रविवारी सकाळी त्याने निळा सूट काढला. आता तो खांद्यावर सैल झाला होता. चर्चमध्ये मी एकही स्तोत्र धड म्हटलं नाही. माझ्या मनात एक भीती होती. हा तिथे उभा राहून सगळं सांगून टाकेल आणि जो माणूस या गावाने जन्मभर काट्यावर विश्वासाने बघितला, त्याच्याकडे उद्यापासून लोक वेगळ्या नजरेने बघतील. आणि दुसरी भीती पहिलीहून वाईट होती. हा काहीच बोलणार नाही, पाटी लागेल, आणि रोज तिच्यासमोरून जात हा आणखी वाकेल.

तळघरात कॉफीचा आणि ओल्या कोटांचा वास होता. सव्वाशे तरी माणसं असतील. आम्ही तिसऱ्या रांगेत बसलो. रस्त्याचे खड्डे झाले, बर्फ उपसायच्या गाडीचं झालं, मग क्लिफर्डने घसा खाकरला आणि कागद वाचला. तो चांगलं बोलला, हे मला मान्य करायला हवं. आपल्या बापाचं दुकान या गाडीमुळे राहिलं, हेही त्याने सांगितलं. मग तो म्हणाला, अनुमोदन असणाऱ्यांनी उभं राहावं. आमच्याकडे सभेत हात वर करत नाहीत, उभं राहतात. तेही चर्चकडूनच आलेलं.

पहिली रांग उठली. दुसरी उठली. खुर्च्या मागे सरकल्याचा तो आवाज मी आयुष्यभर ऐकत आले आहे. आमची रांग उठली आणि मीही उठले. उभी राहिल्यावर माझ्या लक्षात आलं की शेजारी कोणी उठलेलं नाही.

हाल्वर बसला होता. पाठ ताठ, दोन्ही हात गुडघ्यांवर. माझ्या नकलेत मी ठेवायचे ना, अगदी तसेच. फरक इतकाच की ते हात हलले नाहीत. मागच्या रांगा उठत गेल्या, सगळं तळघर उभं झालं, टाळ्या सुरू झाल्या, आणि हा त्या सगळ्या कोटांच्या मधोमध समोर बघत बसून राहिला.

"मंजूर. सर्वानुमते," क्लिफर्ड म्हणाला. ओल्गाने लिहायला सुरुवात केली.

"सर्वानुमते नाही," हाल्वर म्हणाला. आवाज मोठा नव्हता, पण ऐकू गेला. "मी बसलोय. तसं लिहा."

टाळ्या विरल्या. लोक माना वळवून बघायला लागले. क्लिफर्ड हसला, मनापासून, प्रेमानेच हसला.

"काय, उठायला विसरलात का?"

झालं, सगळं तळघर हसलं. सव्वीस वर्षांचा विनोद, तो कधी शिळा होत नाही. कोणीतरी मागून म्हणालं, इंगा, करून दाखव. हाल्वर हसू थांबेपर्यंत थांबला. त्याला थांबायची सवय आहे.

"नाही, क्लिफर्ड," तो म्हणाला. "लक्षात आहे माझ्या. त्या दिवशीही होतं."

कोणाला कळलं आणि कोणाला नाही, मला सांगता येणार नाही. मागे कोणीतरी आणखी थोडं हसलं आणि मग तेही थांबलं. क्लिफर्डच्या चेहऱ्यावरचं हसू तिथेच राहिलं, पण त्याचे डोळे हाल्वरच्या गुडघ्यांवरच्या हातांवर गेले होते. ओल्गाने पेन उचलून धरलं होतं. सगळं गाव उभं होतं आणि बसावं की नाही, हे कोणालाच सुचत नव्हतं.

"मग काय लिहू?" ओल्गाने विचारलं. "एक जण बसलेला?"

मी खुर्ची चाचपून खाली बसले.

"दोन," मी म्हटलं.

ओल्गाने आमच्याकडे एकदा बघितलं. मग लिहिलेल्या 'सर्वानुमते' या शब्दावर सावकाश रेघ मारली आणि तिच्यावर बारीक अक्षरात काही लिहायला लागली. हाल्वर मान पुढे करून बघत होता. तिचं पेन पूर्ण थांबेपर्यंत त्याने नजर हलवली नाही, काट्याची दांडी थांबायची वाट बघताना हलवायचा नाही, तशीच.